वर्तुळावर भक्कम, टोरसपाशी त्रोटक: लोरिंग टू यांचे इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजीवरील पुस्तक

टोरसची (अनेक वर्तुळ-समूहांच्या गुणाकाराची) क्रिया असलेल्या अवकाशांची इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजी, म्हणजे अवकाशाचा आकार आणि त्याची सममिती एकत्र टिपणारे बैजिक साधन, शिकू पाहणारा विद्यार्थी बहुधा सुरुवातीलाच अडतो, कारण बोरेल यांची रचना संस्थितीच्या (टोपोलॉजीच्या) भाषेत असते, कार्तां यांचे मॉडेल डिफरेन्शियल फॉर्म्सच्या, म्हणजे अवकाशावर संकलन करता येणाऱ्या राशींच्या, भाषेत असते, आणि संशोधन-लेख या दोन्ही भाषा वाचकाला येतात असे धरूनच चालतात. लोरिंग टू यांचे ‘इंट्रोडक्टरी लेक्चर्स ऑन इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजी’ (प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, २०२०) या दोन्ही भाषा पायापासून शिकवते. राऊल बॉट यांच्यासह टू यांनी १९८२ मध्ये लिहिलेले डिफरेन्शियल फॉर्म्सवरील पाठ्यपुस्तक ज्यांनी हाताळले आहे, त्यांना येथील शैली ओळखीची वाटेल: प्रकरणे लहान आहेत, प्रत्येकात एकच काम हाती घेतलेले आहे आणि ते पुरे केल्याशिवाय लेखक पुढे सरकत नाही.

पुस्तकाचा खरा नायक म्हणजे अक्षाभोवती फिरणारा गोल. वर्तुळ-समूहाच्या या क्रियेत उत्तर आणि दक्षिण ध्रुव हे दोनच बिंदू स्थिर राहतात, आणि गोलाची संपूर्ण इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजी त्या दोन बिंदूंवरून वाचता येते: एका चलातील दोन बहुपदींची जोडी घ्यायची, अट एवढीच की दोन्हींचे स्थिर पद सारखे असावे. संकलनाचे उत्तर स्थिर बिंदूंवरून काढणाऱ्या लोकलायझेशनच्या सूत्राची ताकदही याच गोलावर दिसते. क्षेत्रफळाचा फॉर्म एकटा इक्विव्हेरियंट अर्थाने बंद नसतो, म्हणजे त्याचे इक्विव्हेरियंट डिफरेन्शियल शून्य येत नाही. त्याला उंचीच्या फलाची जोड द्यावी लागते. ती दिली की संकलन करण्याची गरजच उरत नाही. प्रत्येक ध्रुवावर उंचीला तेथील वेटने (क्रिया त्या बिंदूभोवती कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरवते, ते सांगणाऱ्या संख्येने) भागायचे: उत्तर ध्रुवावर उंची १ आणि वेट १, दक्षिण ध्रुवावर उंची उणे १ आणि वेटही उणे १. दोन्ही भागाकार १ येतात, त्यांच्या बेरजेला २π ने गुणले की एकक गोलाचे क्षेत्रफळ ४π हाती येते. शाळेपासून पाठ असलेले उत्तर असे दोन बिंदूंवरून निघताना पाहिले की बेर्लीन व व्हेर्न यांनी १९८२ मध्ये आणि अतिया व बॉट यांनी १९८४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या या सूत्राचा एवढा बोलबाला का झाला, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मांडणी सोपी राहावी म्हणून लोकलायझेशनच्या सूत्राची सिद्धता मात्र केवळ वर्तुळ-क्रियेसाठी दिली आहे. संकलनापुरता विचार केला तर हा तोटा फारसा जाणवत नाही, कारण सघन (कॉम्पॅक्ट) मॅनिफोल्डवर, म्हणजे गोलासारख्या गुळगुळीत अवकाशावर, टोरसची क्रिया असेल तर टोरसमधून असे वर्तुळ निवडता येते, ज्याचे स्थिर बिंदू टोरसच्या स्थिर बिंदूंइतकेच असतात. कोहोमॉलॉजीचे वलय (तिची बेरीज-गुणाकारासह पूर्ण रचना) हवे असेल तेव्हा मात्र हे भागत नाही. द्विमितीय टोरस संमिश्र प्रक्षेपी प्रतलावर क्रिया करतो तेव्हा तीन स्थिर बिंदू आणि त्यांना जोडणारे तीन गोल मिळून एक त्रिकोण तयार होतो. वलयाचा प्रत्येक घटक म्हणजे शिरोबिंदूंवर ठेवलेल्या दोन चलांतील तीन बहुपदी, आणि प्रत्येक बाजूच्या टोकांवरील बहुपदींच्या वजाबाकीला त्या बाजूच्या वेटने (येथे दोन चलांतील एकघाती बहुपदीने) निःशेष भाग गेला पाहिजे. गोरेस्की, कॉटविट्झ आणि मॅकफर्सन यांनी १९९८ मध्ये या कल्पनेला जे व्यापक रूप दिले, त्यावरच आज टोरस-क्रियांचे कितीतरी काम उभे आहे. त्याला येथे स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी मर्यादा गुणकांची. कार्तां यांच्या मॉडेलमध्ये गुणक वास्तव संख्या असतात, त्यामुळे टॉर्शन (एखाद्या पूर्णांकाने गुणल्यावर शून्य होणारे घटक) आणि पूर्णांकांच्या विभाज्यतेची माहिती नजरेआड होते. गोल दुप्पट वेगाने फिरवला तर पूर्णांक गुणकांसाठी दोन बहुपदींच्या वजाबाकीला चलाच्या दुपटीने भाग जावा लागतो. वास्तव गुणकांमध्ये तो २ विरघळून जातो आणि दोन्ही क्रिया सारख्याच दिसतात. के-थिअरीसारख्या (सदिश बंडलांवर आधारलेल्या) अन्य सिद्धांतांकडे वळू पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण पुस्तकाचा आवाका साध्या कोहोमॉलॉजीपुरताच आहे.

निवडक स्वाध्यायांना सूचना किंवा उत्तरे जोडलेली आहेत, ही मार्गदर्शकाविना शिकणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे. बोरेल यांची रचना आणि कार्तां यांचे मॉडेल एकच कोहोमॉलॉजी देतात असे सांगणाऱ्या इक्विव्हेरियंट डी रॅम प्रमेयाची सिद्धता परिशिष्टात आहे. पहिल्या वाचनात ती सोडली तरी चालेल. मॅनिफोल्ड आणि बैजिक संस्थिती यांचा एकेक अभ्यासक्रम पुरा केलेल्या एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हे पुस्तक जरूर घ्यावे. ज्याला फ्लॅग व्हरायटी (एकात एक बसणाऱ्या उपअवकाशांच्या साखळ्यांचे अवकाश) आणि त्यांवरील छेद मोजणाऱ्या शूबर्ट कॅल्क्युलसपर्यंत जायचे आहे, त्याने गोलावरील प्रकरणे येथे वाचावीत आणि टोरससाठी अँडरसन व फुल्टन यांचे बैजिक भूमितीच्या अंगाने लिहिलेले पुस्तक शेजारी ठेवावे.