महेश्वरी साडी: उन्हाळा-पावसाळा नेसून झाल्यावर

महेश्वर इंदूरहून नव्वदेक किलोमीटर, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाच्या ओळखीचा तिथला एक विणकर असतोच. मी वांगी रंगाची, हिरव्या काठाची घेतली, साडेचार हजाराला. तेव्हापासून बँकेत आठवड्यातून एकदा तरी नेसते, म्हणून आता अधिकाराने लिहिते.

हिला रेशमी साडी समजून घेऊ नका. पारंपरिक महेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा. पैठणीचं वजन नि सळसळ हवी असेल तर निराशा होईल. पण मे महिन्यात, दुपारी पंखा बंद पडलेला असताना, अंगाला न चिकटणारी आणि तरी चारचौघींत उठून दिसणारी साडी दुसरी कुठली, सांगा. चुरगळते मात्र. खुर्चीत बसून उठलं की मागे घड्या दिसतात. सूत आहे, दिसणारच.

काठ बघा. माझ्या काठावर जरीची ‘ईंट’ आहे, विटा रचल्यासारखी नक्षी. महेश्वरच्या किल्ल्यावरच्या आणि घाटावरच्या कोरीवकामातून ही नमुन्यांची घराणी आली: ईंट, चटाई, चमेली. मागाच्या डोक्यावर बसवलेली डॉबी त्या त्या धाग्यांना उचलते आणि विणकर मधून बाण्याचा धागा भरलेला धोटा सोडतो. काठ उलटा केला तरी तितकाच नेटका दिसतो; याला ते लोक ‘बुगडी’ म्हणतात. अहिल्याबाईंच्या काळात (1767 ते 1795) इथे विणकर आणून वसवले, तेव्हा नेसणाऱ्या बायका नऊवारीवाल्या. काष्ट्यात काठाची उलटी बाजूही डोकावते, त्यामुळे मला तरी हा दुतोंडी काठ अगदी आपल्या नेसण्यासाठीच केलेला वाटतो. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे, ही दुसरी ओळख.

असा काठ असताना आपण काय करतो? खालून फॉल लावून त्याची एक बाजू झाकतो! तरी लावायचाच असेल, तर एक काम आधी करा. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला द्या. साडीच्या लांबीत धावतो तो रेशमी ताणा, तो फारसा आटत नाही. सुती फॉल आटतो. आमच्या इथल्या फॉल-पिकोवालीने “नवा आहे वहिनी, काही होत नाही” म्हणून कोराच लावला आणि पहिल्याच धुण्यात खालचा काठ पापडासारखा आखडला. उसवला. आता बिनफॉलची नेसते, निऱ्या हलक्या पडतात पण बसतात.

धुणं: पहिल्यांदा वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, सौम्य साबणाने. हिरवा थोडा सुटला, वांग्यावर चढला नाही. पिळायची नाही, सावलीत पसरायची. जरीची चमक उतरली आहे, थोडीशी. खांद्याशी दर वेळी एकाच जागी पिन लावली तिथे मात्र धागे सरकून बारीक जाळी पडलीय. ताणा फार तलम असतो. पिनेखाली कापडाचा तुकडा घ्या.

घेताना काठाच्या कडेला नजर घाला. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांनी पडलेली बारीक भोकं दिसतात. त्यांना दोष समजून दुकानदाराशी भांडणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. हातमागाच्या खुणेची चिठ्ठीही मागा, कारण यंत्रमागावरची साडीही याच नावाने खपते.

1970च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा संस्था काढली, मरगळलेल्या मागांना त्याने चांगलाच हात मिळाला. आज महेश्वरच्या गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येते, ती ऐकायला तरी तिथे जाऊनच खरेदी करा.

पुढची घेईन ती बिनजरीची. लग्नात मिरवायला हवी असेल तर पैठणीच घ्या, उगाच हिला नावं ठेवू नका.