एक लिटरची बाटली, पाऊण लिटरचा गिअरबॉक्स

मी फसलो ते चहाच्या नादात.

माझी १९९५ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे. डर्ट टायर, उंच मडगार्ड, रुंद हँडल असं सगळं करून घेतलंय. पावसाळा सरला की पन्हाळ्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर घालतो. यंदा दोन-तीन रविवार चिखलात काढल्यावर गिअर अडखळायला लागले, न्यूट्रल सापडेना. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात गेलो. नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता, म्हणून हे नवीन.

"मालक, सेमी सिंथेटिक टाकूया. दहा मिंटाचं काम हाय, तवर चा घ्या जावा."

गेलो. परत आलो तर गाडी पुसून उभी. काउंटरवर एक लिटरची रिकामी बाटली, अगदी मला दिसेल अशी ठेवलेली. ऑइलचे साडेपाचशे, मजुरी दीडशे. सातशे रुपये फोनवरून दिले, बिल मागितलं नाही. (तेव्हा ते मागणं कसंनुसं वाटलं.)

दसरा चौकात सिग्नलला थांबलो, तर न्यूट्रल परत हरवलेलं. नवं ऑइल आहे, बसेल दोन दिवसांत, अशी मनाची समजूत घातली. रात्री जेवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आरएक्सच्या गिअरबॉक्सला पाऊण लिटरसुद्धा लागत नाही. मग बाटली रिकामी कशी? उरलेलं निदान पाव लिटर कुठं गेलं? सगळं ओतलं असेल तर जास्त झालं, ओतलं नसेल तर ते माझ्याबरोबर घरी यायला हवं होतं.

सकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालो. जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टवर पन्हाळ्याकडचा लाल चिखल वाळून तसाच चिकटलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. वरून सगळी गाडी पुसली होती त्या शहाण्यानं, खालचा बोल्ट तेवढा राहिला.

पाच मिनिटं चालवून इंजिन गरम केलं आणि बोल्ट सोडला. खाली आईचं दुधाचं जुनं अर्ध्या लिटरचं माप धरलेलं, त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच. काळं, पाण्यासारखं पातळ, जळक्या वासाचं ऑइल आलं, आणि माप काठापर्यंतही भरलं नाही. म्हणजे बदलणं सोडा, वरून भरसुद्धा घातली नव्हती.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत टूटी ऑइल, म्हणजे इंजिनचं ऑइल, पेट्रोलबरोबर जळून जातं, त्यामुळं पुष्कळांना वाटतं ऑइलचा विषय तिथंच संपला. गिअरबॉक्सचं ऑइल निराळं असतं आणि क्लच प्लेटाही त्यातच भिजतात. चिखलात सारखा अर्धा क्लच धरून चालवलं की प्लेटांची झीज त्याच ऑइलात उतरते, म्हणून डर्टवाल्यांचं लवकर काळं होतं. बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' बघायचं, ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालतं त्याची ती खूण. कारचं ऑइल स्वस्त पडतंय म्हणून कुणी ओतलं तर क्लच घसरायची भीती.

आता बाटली मी स्वतः नेतो, सील माझ्यासमोर फोडायला लावतो, जुनं ऑइल निथळेपर्यंत तिथंच उभा राहतो. उरलेलं घरी आणतो. बाटली रिकामी झाली तर तिथंच कापायची, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच काउंटरवर उभी.

गॅरेजात परत गेलो होतो. "पोरगं नवीन हाय ओ, इसरलं आसंल," गॅरेजवाला म्हणाला. बाटली मग कुणी रिकामी केली, विचारलं, तर पोराकडं बघून ओरडायला लागला. पोरगं बिचारं पान्याकडं बघत उभं. शेवटी चारशे रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "चा घेणार काय?"