गाडी उभी, पैशाची ओढ: नुसती थर्ड पार्टी की किलोमीटरवाली पॉलिसी?

‘सध्या थांबवा, काम सुधारलं की चालू करू’ असं म्हणून आपल्याकडे गाडीचा अख्खा विमा थांबवता येत नाही. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी पॉलिसी, कायद्यानेच लागते. ती नसताना सापडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. म्हणून पॉलिसी संपू देऊन गाडी झाकून ठेवणं मी पर्यायात धरतच नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला फुल इन्शुरन्सच, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा विमा, हवा असतो. उरतात दोन वाटा: नुसती थर्ड पार्टी, किंवा गाडी किती चालते त्यावर हप्ता ठरणारी किलोमीटरवाली पॉलिसी. मी दोन्हींवरून गेलोय.

नाशिकच्या अंबडमधलं माझं काम घटून निम्म्यावर आलं तेव्हा आधी नुसती थर्ड पार्टी घेतली. २०२२ च्या दराने १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. हा दर सरकारच ठरवतं, त्यामुळे चार कंपन्यांकडे चौकशी करत बसायचं कारण नाही. गाडी बरीच जुनी असेल, नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल दरवर्षी वाढत जाणारी हप्त्यातली सूट) फारसा जमलेला नसेल, तर ही वाट वाईट नाही.

फक्त उभी गाडी सुरक्षित असते असं निदान नाशिककराने म्हणू नये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघणारे आपण! पूर, चोरी, आग यातलं आपल्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टीत येत नाही.

तरी माझं मत फिरलं ते पुरामुळे नाही, इन्स्पेक्शनमुळे. पावसाळ्याच्या तोंडावर ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कवच, परत घ्यायला गेलो. मध्ये खंड पडला की कंपनी आधी गाडी तपासते. मोबाइलवर लिंक येते, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा. बेसमेंटमध्ये उजेड कमी म्हणून पहिला नामंजूर. बाहेर उन्हात काढला तर काचेवर चमक. मग चेसिस नंबर नीट दिसत नाही. शेवटी एकाने फोन करून डाव्या दारावरचा पोचा कधीचा, याची उलटतपासणी घेतली. एवढं करून बोनस शून्यच, कारण ओन डॅमेज संपल्यावर ९० दिवसांत पुन्हा घेतलं नाही तर तो जातो. परत ५० टक्क्यांवर पोचायला क्लेम न करता पाच वर्षं काढायची.

आता माझ्याकडे किलोमीटरवाली आहे. २०२२ पासून विमा नियामकाने अशा पॉलिसींना वाट करून दिली. वर्षाचे किलोमीटर कमी सांगितले की ओन डॅमेजचा भाग स्वस्त होतो, बोनस चालू राहतो आणि मध्ये खंड पडत नाही. काही कंपन्या ॲपवरून अपघाताचं कवच बंद-चालू करू देतात. चोरी आणि आगीचं कवच तेवढं चालू राहतं. कटकट इथेही आहे. मीटरचा फोटो पाठवावा लागतो, आणि पुण्याच्या फेऱ्या वाढल्या की जादा किलोमीटर विकत घ्यायचे. सूटही डोळे दिपवणारी नाही.

प्रत्येकाची ओढाताण वेगळी, त्यामुळे ठामपणे सांगणं बरं नव्हे. पण बोनस ३५ टक्क्यांच्या पुढे असेल आणि दोन्हींच्या हप्त्यातला फरक महिन्याच्या किराण्याएवढ्या पैशांत बसत असेल, तर मी किलोमीटरवालीच घेईन. घेताना एवढं लेखी मागा: मर्यादा ओलांडल्यावर क्लेम आला तर किती कापणार?