अर्धी बोट आणि आठ स्टार स्क्रू

जानेवारीत रात्री दोनला हॉलमधून कट्ट करून आवाज आला. बायको म्हणाली हीटर असेल, मी म्हटलं उंदीर, आणि सकाळी बघतो तर भिंतीवरच्या हाफ हलच्या (म्हणजे उभी अर्धी कापल्यासारखी लाकडी बोट, सपाट बाजूने फळीवर बसवलेली) मागच्या फळीला डावीकडून चांगला वीतभर तडा. नाहीतर मी हे लिहिलंच नसतं, कारण पाच महिने ती नुसती भिंतीवर टांगलेली होती, टांगलेल्या वस्तूचा कसला डोंबलाचा अनुभव.

माझी २८ इंची आहे. जुन्या रेसिंग यॉटची, पुढचं नाक आणि मागची शेपटी दोन्ही पाण्याबाहेर लांबच लांब, खाली खोल कील, म्हणजे बोटीच्या तळाचा पाण्यात उतरणारा भाग. शीड नाही, डोलकाठी नाही. बॉस्टनच्या बाजूला राहतो आम्ही, तिथल्याच एका अँटिकवाल्याकडून ऑगस्टमध्ये ३४० डॉलरला घेतली, 'साधारण १८९५' असं सांगून दिलेली. आईला रुपयांत किती ते अजून सांगितलेलं नाही. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं की उरलेली अर्धी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे निघालीये का. तिला सांगितलं, अगं बोटीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून पूर्वी बांधणारे आधी लाकडात एकच बाजू कोरायचे, तिच्यावरून मापं घ्यायचे आणि ती वाढवून खरी बोट बांधायचे. ती म्हणाली, बरं.

तर तडा. फळीला व्हार्निश फक्त समोरून, मागून कोरं लाकूड. इथे हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, माझ्या मीटरवर २२ टक्के ओलावा दाखवत होता. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि ह्या फळीला मागून आठ स्क्रू दोन रांगांत असे आवळलेले की तिला सरकायला जागाच नाही. मग ती दुसरं काय करणार, फुटणारच.

आता ते आठ स्क्रू. बोट उतरवून सोफ्यावर उलटी ठेवली आणि बघतच राहिलो. सगळे स्टार स्क्रू! आपण ज्याला स्टार म्हणतो ते फिलिप्स, आणि हेन्री फिलिप्सची त्यावरची पेटंटं १९३६ ची. म्हणजे १८९५ च्या बोटीला ४१ वर्षांनी जन्मलेले स्क्रू लागलेत. डोकंच फिरलं. फळीचं एक वेळ जाऊ दे, फळ्या फुटतात, पण स्टार स्क्रू? आठच्या आठ? विकणाऱ्याने एकदाही उलटून पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

फोन केला. आधी म्हणाला परतीची मुदत १४ दिवस. मग म्हणाला बिल बघा, आणि बिलावर खरंच 'साधारण १८९५ ची शैली' लिहिलेलं, तो शैली शब्द बोलताना कुठे गेला होता कोण जाणे. तीन आठवडे ईमेल ईमेल खेळलो, प्रत्येक ईमेलला स्क्रूचा फोटो जोडत होतो, एकाच स्क्रूचा, पण वेगवेगळ्या कोनातून. शेवटी कंटाळून त्याने ६० डॉलर परत दिले. तोपर्यंत माझं मत पक्कं होतं की ही दहा वर्षांपूर्वी चहाचं पाणी फासून जुनी केलेली शोभेची वस्तू आहे, घेऊ नका.

मग फेब्रुवारीत फळी चिकटवायला म्हणून स्क्रू काढले, आणि बोट फळीपासून सुटल्यावर तिची सपाट पाठ पहिल्यांदा दिसली. पाठीवर पेन्सिलच्या उभ्या रेषा, बरोबर दोन-दोन इंचांवर, शेजारी पुसट आकडे. लाकूड एकसंध नाही, आडव्या थरांचं, आणि थर लाकडी खुंट्यांनी जोडलेले. असे थर कशाला, तर बोट सोडवून एकेक थर कागदावर उतरवता येतो. भिंतीवर शोभेला लावणाऱ्याला ह्या भानगडीची गरज काय? आणि स्टार स्क्रूंच्या शेजारी जुनी बुजवलेली भोकंपण सापडली, ती वेगळ्याच अंतरावर. म्हणजे फळी नंतरची, स्क्रू नंतरचे, बोट मात्र बहुतेक कुणाच्या तरी कामातली. साल मी सांगत नाही, रेषेवर साल नसतं. पण 'घेऊ नका' मागे घेतोय.

ह्याच भरात एका रविवारी ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला हेरेशॉफ म्युझियममध्ये जाऊन आलो. नॅथनेल हेरेशॉफ डिझाइन करायचा ते असंच, हातात लाकूड घेऊन, आणि त्याच्या बोटींनी १८९३ ते १९२० मध्ये सहा वेळा अमेरिकाज कप, म्हणजे यॉट शर्यतीचा नामांकित चषक, राखला. त्याचा भाऊ जॉन, त्यांच्या बोटी बांधायच्या कंपनीचा भागीदार, पोरवयातच आंधळा झालेला, तो मॉडेलवरून हात फिरवून बोट समजून घ्यायचा. न्यूयॉर्क यॉट क्लबच्या मॉडेल रूममध्येही हजाराच्या वर मॉडेलं आहेत म्हणे, पण तो मेंबर लोकांचा क्लब, आपण फोटोच बघायचे.

घरी येऊन मीपण डोळे मिटून हात फिरवला. मागच्या बाजूला, जिथे पोट संपून आत वळतं, तिथे अंगठा आपोआप घसरत जातो, कुठे अडत नाही. सात महिने मी हिला फक्त ओल्या फडक्याने पुसत होतो. (ओलं फडकं वापरू नका, कोरडा ब्रश पुरतो.)

सध्याची स्थिती. फळी चिकटवली, मागूनही व्हार्निश मारलं, फळीची भोकं लांबट करून घेतली म्हणजे आकसली तरी स्क्रू अडवणार नाहीत. हीटरच्या वरची भिंत सोडून आतल्या भिंतीवर लावली. ६० डॉलरचा ह्युमिडिफायर घेतला, म्हणजे परत मिळालेले पैसे असे गेले. बायको विचारते, बोट खरी निघाली तर ते ६० त्याला परत द्यायचे का. मी म्हटलं, शैलीचे घेतलेत.

स्क्रू सपाट खाचेचे, पितळी आणले. एका पाकिटात सहा येतात. मला आठ लागतात. दुसरं पाकीट घेणार नाही, त्यामुळे खालच्या रांगेत अजून दोन स्टार आहेत.