जर्मन ‘कपितेन’ म्हणजे आपला कॅप्टन नव्हे

फेब्रुवारी 1943 मध्ये सुभाषबाबू ज्या यू-180 पाणबुडीतून जर्मनीबाहेर पडले, तिचा प्रमुख वेर्नर मुसेनबेर्ग ‘फ्रेगाटनकपितेन’ होता. मराठीत त्याला कॅप्टन मुसेनबेर्ग लिहावं का? पाणबुडीचा कप्तान या अर्थाने चालेल. हुद्दा सांगायचा असेल तर मात्र तो कमांडर, आपल्या किंवा ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टनच्या एक पायरी खाली.

अनुवाद करणाऱ्यांपुढे तीन वाटा असतात. पहिली, हुद्द्याच्या नावाचं शब्दशः भाषांतर. ‘फ्रिगेट कॅप्टन’ किंवा ‘कॉर्व्हेट कॅप्टन’ ऐकायला झोकदार वाटतं, पण त्या माणसाच्या हाताखाली ती जहाजं असतीलच असं नाही. ही वाट सोडलेली बरी.

दुसरी वाट बाहीवरच्या पट्ट्यांची, आणि खरी फसगत इथेच होते. दुसऱ्या महायुद्धातल्या कपितेनलॉइटनंटच्या बाहीवर दोन पट्ट्या आणि मधे एक बारीक पट्टी असे. ब्रिटिश नौदलात, आणि त्याच वळणाने आपल्याही नौदलात, या अडीच पट्ट्या लेफ्टनंट कमांडरच्या. 14 ऑक्टोबर 1939 ला स्कापा फ्लो या ब्रिटिश नाविक तळावर ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवणारा जर्मन पाणबुडीप्रमुख ग्युंटर प्रीन तेव्हा कपितेनलॉइटनंट होता. खरं तर हा हुद्दा लेफ्टनंटच्या बरोबरीचा, पण काही इंग्रजी लेखनात तो लेफ्टनंट कमांडर होऊन बसतो, त्याला या पट्ट्यांचाही हातभार असावा. शिवाय त्या काळी फ्रेगाटनकपितेन आणि त्याच्या वरचा कपितेन त्सुर झे दोघांनाही चारच पट्ट्या. मग पट्ट्या मोजून निवाडा कसा करणार?

तिसरी वाट भूदलाशी ताळा जुळवण्याची. मला तीच भरवशाची वाटते, कारण मेजर-कर्नलची उतरंड दोन्हीकडे सारखी आहे:

| जर्मन नौदल | भूदलातली पायरी | इंग्रजी नौदल |
|---|---|---|
| कपितेनलॉइटनंट | कॅप्टन | लेफ्टनंट |
| कॉर्व्हेटनकपितेन | मेजर | लेफ्टनंट कमांडर |
| फ्रेगाटनकपितेन | लेफ्टनंट कर्नल | कमांडर |
| कपितेन त्सुर झे | कर्नल | कॅप्टन |

हा फरक किती बोचतो ते ‘एमडन’च्या गोष्टीत दिसतं. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासवर तोफा डागणाऱ्या या युद्धनौकेचा प्रमुख कार्ल फॉन म्युलर फ्रेगाटनकपितेन होता. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी त्याला गाठणाऱ्या ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेचा जॉन ग्लॉसप मात्र हुद्द्यानेही कॅप्टन. दोघांना सरसकट ‘कॅप्टन’ म्हटलं की ही पायरी पुसली जाते.

खालचे हुद्दे फार डोकं खात नाहीत. ओबरलॉइटनंट त्सुर झे हा ‘वरिष्ठ लेफ्टनंट’ वाटला तरी ब्रिटिश मापात सब-लेफ्टनंटच. वर गेलात की कॉन्टरॲडमिराल म्हणजे रिअर ॲडमिरल, ग्रोसॲडमिराल म्हणजे ॲडमिरल ऑफ द फ्लीट. आजचा फ्लोटिलनॲडमिराल कमोडोरच्या बरोबरीचा, नावात ॲडमिरल असला तरी. हिटलरच्या काळातल्या गेनेरालॲडमिरालला ब्रिटिश जोड नाही, तो तसाच ठेवावा.

संवादात मात्र मी तक्ता बाजूला ठेवेन. यू-बोटीवरचे खलाशी कपितेनलॉइटनंटला ‘हेर कालॉइन’ अशी हाक मारत (‘हेर’ म्हणजे श्रीयुत, ‘कालॉइन’ हे हुद्द्याचं लघुरूप). तिथे ‘होय, लेफ्टनंट’ लिहिलं तर हुद्दा बरोबर येईल आणि पाणबुडी गायब होईल.