कॉर्टिसॉलचं एलायझा किट, चिलापी आणि सोलापूरचं रूम टेंपरेचर (आठ महिन्यांनंतर)

एलायझा म्हणजे रक्तातलं हार्मोन रंगावरून मोजायची चाचणी. दोन किटं संपली, म्हणजे 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) दोन प्लेटा, आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अर्धा दोष माझाच निघाला.

काम असं, मी सोलापुरात झूऑलॉजीत पीएचडी करतीये, शहराचं सांडपाणी येतं अशा एका तलावातली चिलापी आणि मोहोळ तालुक्यातल्या एका शेततळ्यातली चिलापी, दोन्हींच्या रक्तात कॉर्टिसॉल किती ते बघायचं. हे ताणाचं हार्मोन माशात आणि माणसात एकच, रेणू तोच, त्यामुळं माणसासाठीचं किट माशाला लावता येतं. व्हायटेलोजेनिनचं तसं नाही हं. ते खरं तर मादीत अंड्यासाठी तयार होणारं प्रोटीन, नरात सापडलं तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी मिसळतंय असा संशय घ्यायचा, पण प्रत्येक जातीत ते जरा वेगळं, कार्पसाठीचं किट चिलापीला चालेलच असं नाही. म्हणून मी त्या वाटेला गेलेच नाही.

पहिली प्लेट लावली एप्रिलात. गाढवपणा. किटच्या कागदावर लिहिलंय सगळं रूम टेंपरेचरला आणा, पुढं 20 ते 25 डिग्री. आता एप्रिलात सोलापुरात 25 डिग्री कुठं शोधायचं, बाहेर 42, त्यात लॅबचा एसी बंद, मी आपली प्लेट पंख्याखाली टेबलावर ठेवली आणि तासभर बघत बसले. कडेच्या वेल आधी तापतात, मधल्या नंतर, त्यामुळं एकाच माशाचं प्लाझ्मा (पेशी काढून टाकल्यावर उरलेलं रक्ताचं पाणी) दोन वेलमध्ये घातलेलं तरी दोघींचा रंग वेगळा. डुप्लिकेटमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असावा म्हणतात, माझा काही ठिकाणी 25 च्या वर. शिवाय या किटात रंग जेवढा गडद तेवढं हार्मोन कमी, पहिल्या दिवशी मी उलटंच वाचून मॅडमना खूश होऊन फोन केला होता, ते जाऊ दे.

पण खरा घोळ प्लेटवर नव्हताच. आकडे आले तर शेततळ्यातल्या माशांचं कॉर्टिसॉल गटारपाण्यातल्या माशांपेक्षा कितीतरी जास्त! मी किटला शिव्या घातल्या, कंपनीला दोन मेल टाकले. मग एका रात्री वही काढून बसले तेव्हा उजेड पडला. तलावावरचे मामा पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकायचे, मासा वर आला की लगेच माझ्या हातात. शेततळ्यावर मात्र काका सकाळीच जाळं ओढून मासे टबात काढून ठेवायचे आणि वर म्हणायचे, "म्याडम, मासा काय पळून चाललाय व्हय, आधी चा घ्या की." पकडल्यापासून दोन-तीन मिनिटांतच माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल चढायला लागतं, अर्ध्या तासात तर कितीतरी पट होतं. म्हणजे मी प्रदूषण मोजतच नव्हते, चहा मोजत होते.

ऑगस्टपासून शिस्त लावली. दोन्हीकडं पाग, मोबाइलवर टायमर, तीन मिनिटांच्या आत शेपटीजवळच्या शिरेतून रक्त, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली सिरिंज, लगेच बर्फात. वेळही तीच, सकाळी सात ते आठ, कारण कॉर्टिसॉल दिवसभरात वर-खाली होत असतं. एवढं केल्यावर दोन्ही ठिकाणचे आकडे जवळपास सारखे आले. आता म्हणाल मग संपला विषय. नाही ना! मॅडम म्हणाल्या काही मासे मुद्दाम तासभर बादलीत ठेव आणि मग रक्त काढ. शेततळ्यातल्यांचं कॉर्टिसॉल सरसर वर गेलं, तलावातल्यांचं हललंच नाही फारसं. कॅनडात 1990 च्या दशकात धातूंनी प्रदूषित झालेल्या तळ्यांतल्या पर्च माशांत असंच दिसलं होतं, पकडल्यावर जेवढं वाढायला पाहिजे तेवढं वाढायचंच नाही. म्हणजे आकडा कमी आला म्हणून मासा निवांत आहे असं समजू नका, हार्मोन बनवणाऱ्या पेशीच थकलेल्या असू शकतात. माझे मासे मोजकेच आहेत, वजनंही सारखी नाहीत, त्यामुळं यावर मी अजून छातीठोक बोलत नाहीये.

किटवर विश्वास किती? एका प्लेटच्या आत, नीट थंड खोलीत, चांगला. पण आधी स्वतःच्या माशावर तपासून घ्या. मी एकाच प्लाझ्माचं दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून बघितलं, हिशेबानं उत्तर तेच यायला पाहिजे ना, तर कमी पातळ केलेल्यात ते चुकत होतं, जास्त पातळ केल्यावर बरोबर आलं. प्लाझ्मातली चरबी आणि प्रोटीनं मध्ये कडमडतात. दुसरं म्हणजे किटच्या एका लॉटचा (एका वेळी बनवलेल्या किटांचा) आकडा दुसऱ्या लॉटशी जुळत नाही, म्हणून बऱ्याच माशांचं प्लाझ्मा एकत्र करून छोट्या छोट्या ट्यूबा गोठवून ठेवल्यात, दर प्लेटला एक, म्हणजे प्लेटा एकमेकींशी ताडून बघता येतात. आणि दुसऱ्याच्या पेपरातल्या आकड्याशी आपला आकडा लावून बघू नका, डोकं फिरतं.

आमच्याच लॅबमधल्या एकानं नर माशांसाठी माणसाचं टेस्टोस्टेरॉन किट आणलं, पण नर माशात मुख्य काम करतं ते 11-कीटोटेस्टोस्टेरॉन, त्याला ते किट किती पकडतं हे त्यानं कागदावर बघितलंच नव्हतं. किट अजून फ्रिजात पडून आहे, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.

पैसे वसूल? पाचपैकी साडेतीन. दीड स्टार कापला तो कागदावरच्या त्या 25 डिग्रीसाठी आणि मेलला महिनाभरानं उत्तर दिलं त्यासाठी. तिसरं किट थंडीतच मागवलंय. काकांनाही फोन केला, चहा रक्त काढून झाल्यावर घेऊ म्हणाले, "पण म्याडम, तवर चा गार होतंय की ओ."