किचनचं काम कुणाला द्यावं: मॉड्युलर कंपनीला, ठेकेदाराला की सुट्या कारागिरांना?

जुनं किचन पाडून नवं करायचं ठरलं की शटरचा रंग, काउंटरटॉपचा दगड, ट्रॉल्या यांवर घरात भरपूर चर्चा होते. काम कुणाला द्यायचं हा विचार मात्र कोटेशनं हातात आल्यावर सुरू होतो आणि बऱ्याचदा तळाच्या आकड्याशी संपतो. मी एका घराचं किचन मॉड्युलर कंपनीकडून करून घेतलं आणि पुढच्या घराचं ठेकेदाराकडून. प्लाय घ्यावा की पार्टिकल बोर्ड, लॅमिनेट की ॲक्रिलिक, हे तुमचं एव्हाना चाळून झालं असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

सुतार, प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन असे सुटे कारागीर स्वतः जमवायचे, हा तिसरा मार्गही आहे. कागदावर तो सगळ्यांत स्वस्त दिसतो. पण मग ठेकेदार तुम्हीच होता. आज कुणी यायचं, कुणाच्या आधी यायचं, सामान संपलं तर कुणी आणायचं, हे रोज बघावं लागतं. घरात कुणाला त्यासाठी सवड असेल आणि कामाची जाण असेल तर जरूर करावं. नोकरी सांभाळून हे करणं मला तरी अवघड वाटतं, म्हणून खरी तुलना उरलेल्या दोघांत.

कंपनीची जमेची बाजू मोठी आहे, ती आधी मान्य करतो. कारखान्यात कापलेली फळी काटकोनात असते, एज बँडिंग, म्हणजे फळीच्या उघड्या कडेवर पट्टी चिकटवणं, मशीनवर झालेलं असतं, बिजागऱ्यांची भोकं जागच्या जागी पडलेली असतात. कपाटं तयार होऊन येत असल्यामुळे घरात करवत आणि भुशाचा त्रास जवळजवळ नसतो. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक खण आधी दिसतो, कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली असते. माझ्या पहिल्या किचनच्या ड्रॉवरांतल्या फटी शेवटपर्यंत एकसारख्या राहिल्या. ठेकेदाराच्या सुताराला तेवढी सफाई साधली नाही, आणि त्याचं काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं हेही खरं. फक्त कपाटांची तुलना करायची तर कंपनी सरळ पुढे आहे.

पण माझा निर्णय ठरला तो सिंकखालच्या कपाटावरून.

कंपनीच्या माणसाने मापं घेतली, ड्रॉइंग झालं, आम्ही सही केली. सिंकखाली पुढे ओढायचा ड्रॉवर होता. भिंतीतून सांडपाण्याचा पाइप जिथे बाहेर येत होता, तिथेच नेमका त्या ड्रॉवरचा मागचा भाग येत होता. हे कपाट बसवायच्या दिवशी कळलं. बसवणारे म्हणाले, प्लंबिंग आमच्याकडे येत नाही. प्लंबर म्हणाला, मला हे ड्रॉइंग कुणी दाखवलंच नाही. कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं की साइट तयार करून देणं ग्राहकाकडे असतं. शेवटी बसवणाऱ्यांनी कपाटाची मागची फळी तिथल्या तिथे कापली आणि पाइपला वाट करून दिली. कापलेली कड उघडीच राहिली. पुढे कधीतरी पाइपचा सांधा थोडा पाझरला, उघड्या कडेतून बोर्डने पाणी ओढलं आणि तो फुगला. वॉरंटीसाठी फोन केला तेव्हा समजलं की साइटवर कापलेल्या फळीला वॉरंटी लागू होत नाही. फळी कापली होती त्यांच्याच माणसांनी. तरी कागदाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.

फुगलेली फळी बदलता येते, तिचं एवढं काही नाही. मला छळलं ते एकच वाक्य: ‘हे आमच्याकडे येत नाही.’ जो तो आपापल्या कामात चोख होता आणि दोन कामांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती.

किचनमध्ये अशा मधल्या जागा फार असतात. ओट्याखालच्या जेमतेम ६० सेंमी खोलीच्या पट्ट्यात पाण्याची लाइन, सांडपाणी, वीज, गॅस, कपाट आणि वरचा दगड हे सगळं बसवायचं असतं. दगडाचं नेमकं माप खालची कपाटं लेव्हलमध्ये बसल्यावरच घेता येतं, आणि तो कापून येईपर्यंत सिंक बसत नाही. म्हणजे त्या मधल्या काळात घरात भांडी घासायची कुठे, याचाही कुणीतरी आधी विचार करायला हवा. ७ किलोवॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ३० अँपिअर ओढते. तिला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते, पण ड्रॉइंगवर तिथे फक्त पॉइंटची खूण असते. चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, जितका सरळ आणि आखूड, तितकी ती चांगली ओढते. तो सरळ न्यायचा तर वरच्या कपाटाचा एखादा कप्पा जातो आणि कपाट वाचवायचं तर डक्टला वळणं येतात. हा सौदा सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांच्यापैकी कुणा एकाच्या हातात नसतो.

दुसऱ्या वेळी ज्या ठेकेदाराला काम दिलं, त्याने पहिल्या भेटीत रंग किंवा डिझाइनबद्दल चकार शब्द काढला नाही. सिंकखाली वाकून पाइप पाहिला, वॉटर फिल्टर आणि डिशवॉशर कुठल्या बाजूला येणार ते विचारलं, ओट्याची उंची ठरवताना घरात जास्त वेळ उभं राहून काम करणाऱ्या व्यक्तीला बोलावून घेतलं. पाडकाम झाल्यावर त्याने प्लंबर आणि सुतार दोघांना एकाच वेळी आणलं आणि भिंतीवरच खडूने कपाटं पूर्ण मापात आखली. पाइप कुठून काढायचा हे त्या रेघा बघून ठरलं. पुढे अडचणी आल्याच, टाइल्सही एका ठिकाणी उखडून पुन्हा लावाव्या लागल्या. मात्र त्या कुणाच्या खात्यात जातात यावर कधी वाद झाला नाही, कारण खातं एकच होतं.

सफाईच्या बाबतीत आता एक मधला मार्गही निघाला आहे. बरेच ठेकेदार कपाटांचे बॉक्स मशीनवर कापून आणि कडा लावून आणतात, साइटवर फक्त जोडतात. तसा माणूस मिळाला तर कंपनीचा मोठा फायदा त्याच्याकडेही मिळतो. मी आज काम काढलं तर बहुधा असाच शोधेन.

अर्थात ठेकेदार म्हटला की माणसामाणसांत फरक आला, आणि तो पारखणं कंपनीपेक्षा अवघड आहे, कारण शोरूम नसते. त्याने नुकतंच पूर्ण केलेलं किचन बघून फारसं कळत नाही. नवं किचन कुणाचंही छानच दिसतं. चार-पाच वर्षं वापरातलं दाखवायला सांगा आणि परवानगी घेऊन सिंकखालचं कपाट उघडा. तिथली फळी, पाइपभोवतीची फट आणि वास यांवरून जे कळतं ते फोटोंवरून कळत नाही. एका वेळी किती साइट चालू आहेत आणि तो स्वतः किती वेळा येणार, हेही स्पष्ट विचारा. पेमेंट कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठेवा. ॲडव्हान्स मोठा मागत असेल तर मी थोडा सावध होईन.

कंपनी चुकीची निवड आहे असं मी म्हणणार नाही. भिंती, फरशी, पाइप यांना हात लावायचा नसेल, पॉइंट जागेवर असतील आणि फक्त जुनी कपाटं काढून नवी बसवायची असतील, तर मीसुद्धा कंपनीकडे जाईन. पाडकाम असेल, सिंक किंवा शेगडीची जागा बदलायची असेल, तर माझं मत ठेकेदाराला.

तरीही मन दोन्हीकडे ओढत असेल तर दोघांनाही एक ओळ करारात लिहून द्यायला सांगा: पाडकामापासून सिंकमध्ये पाणी सोडून तपासेपर्यंत सगळ्या कामांची, आणि साइटवर केलेल्या प्रत्येक कापाकापीची, जबाबदारी आमची. कंपनीने ती दिली तर खुशाल कंपनीला काम द्या. मी दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हा कंपन्यांनी अटींची पानं पाठवली, आणि ठेकेदाराने कोटेशनच्या खाली ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून सही केली.